अंगाची गाठ, मनाची गाठ

मराठी शिकविणाऱ्या माणसाला एक वाईट खोड जडते. कोणी काही सांगू लागले, की सांगण्यापेक्षा सांगणाऱ्याच्या शब्दांकडेच त्याचे लक्ष जाते. समोरचा गृहस्थ पोटतिडकीने आपली कर्मकहाणी सांगत असतो, आणि हा मनातल्या मनात ‘पोटतिडीक’ या शब्दाची फोड करीत बसलेला असतो! माझ्या घरची मंडळी या खोडीला विटली आहेत. पण सुताराचा हात जसा दिसेल त्या फळीवरून फिरतो, तसे आमचे मन शब्दांवरून फिरते. त्याला इलाज नाही.

गेली चार-पाच वर्षे असाच एक शब्द माझी पाठ सोडीत नाही. तो शब्द म्हणजे ‘गाठ’.

केवढा प्रपंची शब्द आहे हा! लग्नात वधूवरांची वस्त्रे एकमेकांना बांधतात ती गाठ. ती म्हणे स्वर्गातच बांधलेली असते. खाली भटजी फक्त तिच्यावर दुसरी मारतात. बाजारातून काय आणायचे ते विसरू नये म्हणून आजी पदराच्या टोकाला मारीत असे, तीही गाठच. ओढताच सुटते ती सुरगाठ, ओढावी तसतशी घट्ट होत जाते ती निरगाठ. पाडव्याला गुढीवर साखरेची गाठी झुलते. म्हातारपणासाठी गाठीला चार पैसे असावे लागतात. दिवाळीत गाठीभेटी होतात आणि भांडणात ‘गाठ माझ्याशी आहे’ असा दमही भरला जातो. दोन भावांचे वाटणीवरून बिनसले, की त्यांच्या मनात गाठ बसते. मग ती कधी एखाद्या लग्नाकार्यात सुटते, कधी सुटतही नाही.

संसाराचे हे सारे वैभव एका क्षणात पुसले जाते. डॉक्टरांची बोटे तपासता तपासता एका जागी थांबतात आणि ते म्हणतात, “इथे गाठ आहे.” त्यानंतर त्या घरात या शब्दाला दुसरा अर्थच उरत नाही.

आमच्या घरात हा शब्द याच पावलांनी आला. माझी थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणतो, चिखलीकडच्या एका खेड्यात राहते. बुलढाणा जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अजिंठ्याच्या डोंगररांगेने आमच्या जिल्ह्याचे दोन मजले केले आहेत. वरच्या मजल्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. खालच्यावर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव-जामोद. मुलगी ‘घाटावर’ दिली की ‘घाटाखाली’, असेच आमच्याकडे विचारतात. आक्का घाटावर दिली आणि मी नोकरीच्या निमित्ताने घाटाखाली खामगावला उतरलो.

आक्काच्या बोटाला छातीतली ती गाठ लागली ती एका दिवाळीच्या सुमारास. बोराएवढी होती. दुखत नव्हती. तिने ती जावेला सांगितली, जावेने शेजारणीला, आणि ओट्यावरच्या त्या सभेत निदान झाले, “टेन्शनची गाठ आहे.” पुरावाही हाताशी होता. भाचीचे लग्न जमत नव्हते. धाकट्या दिराशी बांधावरून दोन वर्षे बोलणे बंद होते. सोयाबीनचा भाव पडला होता. एवढी टेन्शने असल्यावर गाठ येणार नाही तर काय होईल? आणि निदानापाठोपाठ उपचारही ठरला. पोरीचे लग्न एकदा होऊन जाऊ दे. जिवाला घोर उरला नाही, की गाठ आपोआप विरघळेल.

भाचीचे लग्न वैशाखात झाले. जिवाचा घोर खरोखरच गेला. दीरही लग्नात आला, त्याने पंगतीत जिलबी वाढली, म्हणजे मनातली गाठही सुटली. अंगातली मात्र बोराची आवळ्याएवढी झाली होती. पेरण्या आटोपल्यावर, आषाढात, ती गोष्ट माझ्या कानांवर आली.

त्या सात-आठ महिन्यांचा हिशेब मी अनेकदा केला आहे. आक्काने गाठ लाजेने लपविली नव्हती. पैसे नाहीत म्हणून ती थांबली नव्हती. तिला डॉक्टरांपासून दूर ठेवले ते एका समजुतीने: मनातल्या गाठीचीच अंगात गाठ होते, तेव्हा इलाज मनाचा करायचा. ही समजूत मोठी लाघवी आहे. ती शहाणपणाचे सोंग घेऊन येते आणि खर्चही काही सांगत नाही.

मी वर्गात शब्दशक्ती शिकवितो. शब्दाचा सरळ अर्थ सांगते ती अभिधा. सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा त्याला लगटून असलेला दुसरा अर्थ सुचविते ती लक्षणा. ‘घरावरून वरात गेली’ म्हटल्याने वरात कौलांवर चढली असे कोणी समजत नाही. ‘मनात गाठ बसली’ हीदेखील लक्षणाच. मनात दोरा नाही, मांस नाही. तिथे गाठ कशाची बसणार? पण भाषेने दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव दिले, की हळूहळू त्या एकमेकींच्या नात्यातल्या वाटू लागतात. ओट्यावरच्या बायकांनी लक्षणा अभिधेच्या जागी बसविली, इतकेच.

यात त्यांना हसण्याचे कारण नाही. थोरामोठ्यांनी तेच केले आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या गेलनने या रोगाचे खापर शरीरातल्या ‘काळ्या पित्ता’वर फोडले. माणसाला उदास करणारे पित्तही हेच. उदासपणाला इंग्रजीत जो ‘मेलँकोली’ शब्द आहे, त्याचा मूळ ग्रीक अर्थच काळे पित्त. म्हणजे उदास बाई आणि तिच्या छातीतली गाठ ही एकाच पित्ताची दोन लेकरे ठरली, आणि पुढे शतकानुशतके वैद्य तसे मानीत राहिले. आपल्या सुश्रुताने अशा गाठीला अर्बुद म्हटले. त्याचे कारणांचे शास्त्र त्याच्या काळचे, दोषांचे आणि रक्तमांसाचे. पण वर्णन मात्र कोणाही गृहिणीने ध्यानात ठेवावे असे आहे: ही गाठ सावकाश वाढते, पिकत नाही आणि फारशी दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच ती फसविते. आक्कालाही तिने असेच फसविले.

ज्या रोगाचे कारण सापडत नाही, त्याचे कारण मनात शोधायचे, ही माणसाची जुनी रीत आहे. एके काळी क्षय हा हळव्या माणसांचा आणि विफल प्रेमाचा रोग समजला जाई. कथा-कादंबऱ्यांतल्या किती नायिका त्याने खोकत खोकत गेल्या! १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखविला आणि त्या रोगातले काव्य संपले. पोटातल्या अल्सरचेही तसेच. हा काळजीवाहू माणसांचा, कामाने पिचलेल्यांचा आजार, असे माझ्या वडिलांच्या पिढीपर्यंत सगळे डॉक्टर सांगत. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा जिवाणू शोधला. लोकांना पटेना म्हणून मार्शल यांनी तो स्वतः पिऊन दाखविला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. क्षयाचा जंतू सापडला, अल्सरचा सापडला. तशी मनावरची ती जबाबदारी एकेका रोगापुरती कमी होत गेली. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाबाबतही हेच झाले. त्याच्या मुळाशी एक विषाणू आहे, हे हारल्ड त्सूर हाउझेन यांनी दाखविले आणि आता त्याची लसही निघाली आहे.

आक्काला आम्ही मुंबईला नेले. शेगावच्या स्टेशनावर रात्री विदर्भ एक्स्प्रेसची वाट पाहत उभे राहिलो, तेव्हा फलाटावर एक्स-रेची मोठी पाकिटे छातीशी धरून उभी असलेली आणखीही माणसे दिसली. आमच्याकडून मुंबईला जाणाऱ्या गाडीत ती नेहमीच असतात. त्यांच्याकडे माझे लक्ष त्या रात्री प्रथम गेले. शस्त्रक्रिया झाली, किमो झाले, शेक झाले. आक्काचे केस गेले, पुन्हा आले. दीड वर्ष असे येण्याजाण्यात गेले.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी तिच्याकडे गेलो. तिने ओवाळले, मी ओवाळणी घातली. मग तबक बाजूला ठेवून ती एकदम म्हणाली, “भाऊ, तू शिकेल-सवरेल माणूस. खरं सांग, माह्यं काय चुकलं रे? मी लय इचार करतो, म्हणून झालं का हे?”

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने दीड वर्ष तिला हेच ऐकविले होते. “तुम्ही फार मनाला लावून घेता.” “आता टेन्शन घेऊ नका, नाहीतर पुन्हा येईल.” बोलणाऱ्यांच्या मनात मायाच होती. पण त्या मायेचा अर्थ असा होत होता, की हा रोग आक्काने आपल्या हाताने ओढवून घेतला, आणि उद्या तो परत आला तर तीही तिचीच करणी. रोगाचे भय होतेच. त्यावर अपराधाचे ओझे आणखी. हसताना ती आपण पुरेसे हसतो आहोत की नाही याची काळजी करू लागली होती! रात्री झोप लागली नाही, की झोप न लागल्याने काय होईल या विचाराने उरलीसुरली झोपही उडे.

तिला उत्तर द्यायचे तर नुसते ‘तसे काही नसते’ म्हणून भागण्यासारखे नव्हते. माझे एक सहकारी प्राणिशास्त्र शिकवितात. त्यांच्या मदतीने मी मिळेल ते वाचले. वाचले ते घरगुती मराठीत असे.

युरोपातल्या सहा देशांत कामाच्या ताणाविषयी झालेल्या बारा पाहण्या एकत्र करून २०१३ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १,१६,०५६ माणसे, सरासरी बारा वर्षांचा पाठपुरावा. त्यांतल्या ५,७६५ जणांना कर्करोग झाला. पण नोकरीत ताणाखाली असलेल्यांना तो जास्त झाला आणि निवांत असलेल्यांना कमी, असे काही आढळले नाही. मोठ्या आतड्याचा नाही, फुप्फुसाचा नाही, स्तनाचा नाही, प्रोस्टेटचा नाही. सगळ्याच पाहण्यांचा निर्वाळा असा एकमुखी नाही. काहींत थोडासा संबंध दिसतो, काहींत मुळीच नाही. पण चिंतेचा दोरा सरळ गाठीपर्यंत जातो, असे ठामपणे म्हणावे असा पुरावा हाती आलेला नाही.

तरीसुद्धा प्रत्येक रोग्याला आपल्या गाठीमागे एक दुःख आठवतेच. ते का? आमच्या प्राणिशास्त्रज्ञ मित्रांनी बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट सांगितली. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. पेशींचेही तसेच. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असे तीस वेळा दुप्पट व्हावे तेव्हा आकडा शंभर कोटींच्या वर जातो. बोटाला लागेल एवढी गाठ व्हायला अशा कोट्यवधी पेशी लागतात, आणि त्यात बहुधा काही वर्षे निघून जातात. म्हणजे आक्काच्या बोटाला गाठ लागली तेव्हा ती अंगात येऊन बराच काळ लोटला असला पाहिजे. दिराशी भांडण होण्याच्या आधीची ती असेल, सोयाबीनचा भाव बरा असतानाचीही असेल. आपण मात्र गाठ लागल्या दिवसापासून मागे वळून पाहतो, आणि जे दुःख सर्वांत जवळ उभे असेल त्याचा हात धरून त्याला चोर ठरवितो. संसारी माणसाच्या कोणत्याही दोन वर्षांत असे एखादे दुःख सापडणार नाही, असे कधी झाले आहे का?

आणि मनाच्या शांतीने गाठ टळत असती, तर ती कोणाची टळायला हवी होती? रामकृष्ण परमहंस १८८६ मध्ये घशाच्या कर्करोगाने गेले. अरुणाचलाच्या पायथ्याशी अर्धे शतक शांत बसलेल्या रमण महर्षींच्या डाव्या हाताला कोपराजवळ गाठ आली. पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया होऊनही ती परतत राहिली, आणि १४ एप्रिल १९५० रोजी महर्षींनी देह ठेवला. एवढे दूर तरी कशाला जा? आमच्या विदर्भाचे तुकडोजी महाराज. खंजिरीच्या तालावर गावेच्या गावे डोलविणारा, मनात काही न साठविणारा पुरुष. १९६८ साली त्यांना याच रोगाने नेले. नागपूरचे कर्करोग रुग्णालय आज त्यांच्या नावाने चालते. ही माणसे टेन्शन घेत होती, असे म्हणायला कोणाची जीभ रेटेल?

उलट बाजूही पाहा. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी खास मदत जाहीर केली, त्या सहांत आमचा बुलढाणा होता. कर्ज, नापिकी, कापसाचा भाव, घरातल्या कर्त्याची आत्महत्या, हे सारे या जिल्ह्याने भोगले आहे. त्या घरांतल्या बायांनी जो ताण काढला, त्यापुढे स्टाफरूममधली आमची टेन्शने म्हणजे पोरखेळ. त्यांतल्या बहुतेकींच्या अंगात कसलीही गाठ नाही. त्या दुसऱ्या दिवशी निंदायला शेतावर गेल्या.

मग ताणाचा आणि गाठीचा काहीच संबंध नाही? असेही मी म्हणणार नाही. टेक्सासमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये उंदरांवर एक प्रयोग केला. आधीच गाठी असलेल्या उंदरांना ते रोज काही तास अरुंद जागेत कोंडून ठेवीत. भेदरलेल्या उंदरांच्या गाठी झपाट्याने वाढल्या. भीतीच्या वेळी रक्तात जी द्रव्ये उसळतात, त्यांनी गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून दिल्या. ती द्रव्ये औषधाने अडविल्यावर ही वाढही अडली. पण ही गोष्ट उंदराची, आणि आधी असलेल्या गाठीची. माणसांत असेच घडते काय, याचा शोध चालू आहे.

माणसात मात्र ताणाला गाठीपर्यंत जायला एक आडवाट आहे, आणि ती आमच्या गावच्या पानठेल्यावरून जाते. टेन्शन आले की पुडी फाडायची, तळहातावर तंबाखू-चुना मळायचा आणि चिमूट ओठाखाली धरायची. पोरगा नापास झाला, पुडी. पाऊस लांबला, पुडी. साहेब बोलले, दोन पुड्या. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, म्हणून तो मिळत नाही असे म्हणणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे, तो चिंतेमुळे नव्हे. चिंता घालविण्यासाठी ओठाखाली जे धरतो त्यामुळे.

या आडवाटेवर एक मोठी मौजेची, म्हटले तर संतापाची, गोष्ट मला सापडली. ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात रुजविला तो हान्स सेल्ये या माँट्रियलच्या शास्त्रज्ञाने. त्याचा पहिला लेख १९३६ सालचा. पुढे साठीच्या दशकाच्या अखेरीस याच सेल्येने तंबाखू कंपन्यांचा पैसा संशोधनासाठी घेतला, आणि ताण हलका करायला धूम्रपान उपयोगी पडू शकते, असा सूर लावला. लंडनचे प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक हे त्याच्याही पुढे गेले. अमुक स्वभावाच्या माणसांनाच कर्करोग होतो, असे सांगणाऱ्या त्यांच्या संशोधनामागेही तंबाखूचा पैसा होता. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०१९ मध्ये चौकशी करून त्यांचे २६ लेख भरवशाचे नाहीत असे ठरविले. दोष स्वभावाचा, चिंतेचा, मनाचा असला, की पुडी विकणारा सुटतो. ओट्यावरच्या बायांची समजूत आणि तंबाखूवाल्यांचा हिशेब असे एकाच गावाला जाऊन पोचतात!

दोष रोग्याच्या माथी मारला जातो, आणि त्यातही बाईच्या माथी अधिक. पुरुषाला गाठ आली तर ‘बिचाऱ्याने फार सोसले’ म्हणतात. बाईला आली तर ‘फार मनाला लावून घेते’. सोसणे हा पुरुषाचा गुण, मनाला लावून घेणे हा बाईचा अवगुण! बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून प्रत्येक गोष्टीचा दोष बाईकडे कसा वळविला जातो ते खडसावून विचारले, तेही १८८२ सालीच. कॉखने क्षयाचा जंतू दाखविला त्याच वर्षी. जंतू जगाने मानला. ताराबाईंचे म्हणणे आमच्या ओट्यापर्यंत अजून पोचायचे आहे.

हे सगळे मी आक्काला माझ्या परीने सांगितले. आकडे तिने सोडून दिले. तुकडोजी महाराजांचे ऐकल्यावर मात्र ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे थो रोग कोनालेबी होते.” मी म्हटले, “कोणालाही.” एवढ्याने तिच्या डोक्यावरची पाटी उतरली, असे मला दिसले. ‘कोणालाही होतो’ हे वाक्य एरवी भिववणारे; पण ‘तुझ्यामुळे झाला’ ऐकून थकलेल्या माणसाला त्यासारखे दुसरे सांत्वन नाही.

मात्र याचा अर्थ मनाला वाऱ्यावर सोडावे असा नव्हे. १९८९ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. स्तनाचा कर्करोग पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी काहींना आठवड्यातून एकदा एकत्र बसवून मन मोकळे करू दिले. त्या इतरांपेक्षा जास्त जगल्या. जगभर आनंद झाला. पुढे २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे झाला. आयुष्य काही वाढले नाही. पण ज्या स्त्रिया आधी फार खचलेल्या होत्या त्यांचे मन हलके झाले, दुखणे कमी जाणवले. मला हा दुसरा प्रयोग पहिल्यापेक्षा आवडतो. दुःख हलके करायला ते आयुष्य वाढविते अशी सबब कशाला हवी? आईने पोराच्या कपाळावरून हात फिरवावा, तो काय ताप उतरतो म्हणून?

असा हात मी मुंबईत पाहिला. टाटा रुग्णालयात येणाऱ्या बाहेरगावच्या रोग्यांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. अकोल्याच्या कर्करोग रुग्णालयाला तुकारामांचे नाव, नागपूरच्या रुग्णालयाला तुकडोजींचे, दादरच्या धर्मशाळेला गाडगेबाबांचे. या दुखण्यात आमच्या माणसाला संतच सोबतीला लागतात असे दिसते. तिथे संध्याकाळी बाया एकमेकींजवळ बसत. एकीचे केस गेलेले, दुसरीचे जायचे. एक धुळ्याची, एक नांदेडची, एक आमची. कोणी कोणाला ‘टेन्शन घेऊ नका’ असे म्हणत नव्हते. प्रत्येकीला ठाऊक होते, की ते घ्यावे लागत नाही, येते. एक भाजी निवडी, दुसरी तिच्या पोराला जेवू घाली. आणि टाटा रुग्णालय तरी कशातून उभे राहिले? मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या पाठोपाठ पती दोराबजीही गेले, आणि त्यांच्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू झाले. एका घरातल्या दुःखाचे काय झाले पाहा: त्याची गाठ झाली नाही, हजारोंसाठी दार झाले.

आक्का आज बरी आहे. ठरल्या तारखेला तपासणीला जाते. आधीच्या दोन रात्री तिला झोप येत नाही, पण त्याचा अपराध आता ती स्वतःकडे घेत नाही. गावातल्या कोणा बाईने ‘गाठ लागते’ असे सांगितले, की आक्का तिला टेन्शनविषयी एक शब्द विचारीत नाही. बऱ्याचशा गाठी साध्या असतात, हे ती सांगते, आणि साधी की दुसरी हे ओट्यावर ठरत नाही, हेही सांगते. पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी तिला तालुक्याला घेऊन जाते. आतापर्यंत पाच-सहा जणींना तिने नेले. एकीची निघाली, वेळेवर.

‘गाठ’ या शब्दाचा सगळा परिवार मी आरंभी मांडला, पण त्यातले एक क्रियापद राहून गेले: गाठणे. सुटती गाडी गाठतात, बाजार गाठतात, पाऊस येण्यापूर्वी घर गाठतात. माझ्या वाचकांच्या घरी कोणाच्या बोटाला असे काही लागलेच, तर तिच्या मनात काय साठले आहे ते विचारायला सारे आयुष्य पडले आहे. ते अवश्य विचारावे, आणि मायेने विचारावे. पण त्या आधी डॉक्टरांना गाठावे. दुखत नसले, तरी गाठावे. पोरीचे लग्न वैशाखात असले, तरी दिवाळीतच गाठावे.